बिनक्लचची गाडी

गाडी सरळ लिंबाच्या झाडावर जाऊन आदळली, तेव्हा इमानीची नजर रस्त्यावर नव्हतीच. मांडीवरच्या मीटरवर होती. कॉलेजचे वॉचमन लालासाहेब काठी टेकत लगबगीनं आले.

"आरं गड्या, फुडं बघ की! मुंडी खाली घालून कोण गाडी हाणतं व्हय?"

"मग मीटर कोण बघणार, मामा?" इमानी कपाळ चोळत म्हणाला.

इमानी टांझानियाचा. सांगलीत इंजिनिअरिंग शिकायला आला, आणि मेसमध्ये जेवता जेवता, फाटकावर लालासाहेबांशी गप्पा मारता मारता इथली मराठी शिकला. अरब देशांनी तेल अडवल्यानं पेट्रोल कडाडलं, तेव्हापासून त्यानं एकच ध्यास घेतला होता. हळदीची पोती वाहायला बॅटरीवर चालणारी तीनचाकी करायची. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून ती त्यानं उभीही केली. आता भरल्या वजनानिशी ती किती वीज खाते, ते रस्त्यावर मोजायचं होतं. परीक्षक यायची वेळ झाली होती आणि बरोबरीची पोरं सुट्टीला घरी गेली होती.

"मामा, तुमी चालवा. तुमी फौजेत डायवर होता न्हवं?"

लालासाहेब ड्रायव्हर होते खरे. एकाहत्तरच्या लढाईत त्यांची गाडी सुरुंगावर गेली आणि डावा पाय गुडघ्याखालून तुटला. पुण्याच्या लष्करी इस्पितळातून लाकडी पाय लावून ते शिराळ्याला घरी आले, मग पोटासाठी इथं फाटकावर. तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. एसटीत बसले तरी ड्रायव्हरमागची जागा टाळायचे. समोर दुसऱ्याच्या हातात चाक फिरताना बघवत नसे.

"क्लच कशानं दाबू? ह्या लाकडानं?"

इमानीनं वाकून गाडीचा तळ दाखवला. "क्लच न्हाईच, मामा. इजेच्या मोटारीला लागतच न्हाई. पळवायला हे, थांबवायला हे. दोन्ही उजव्या पायाला."

लालासाहेबांनी काठीच्या टोकानं ती दोन पेडलं दाबून पाहिली. मग काठी झाडाला टेकवून आत बसले.

"आवाज येईना. चालू हाय का?"

"हाय. दाबा."

गाडी सरकली. फाटकापर्यंत लालासाहेबांनी ती रांगत नेली. रस्त्याला लागल्यावर पाय दाबला.

मग रोज सकाळी दोघं निघू लागले. मागं वाळूची पोती आणि मीटर धरून बसलेला इमानी, पुढं लालासाहेब. पेठेतले हमाल पाठीवरचं ओझं विसरून बघत राहायचे. "आवं, धूर कुठाय हिचा?" कुणीतरी विचारायचं. "खाल्ला तिनं," लालासाहेब म्हणायचे. त्यांना असं थट्टेत बोलताना कॉलेजात कुणी ऐकलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी इमानी म्हणाला, "वजन जरा कमी पडतंय. मावशींना बोलवा."

लालासाहेबांची बायको रंगुबाई लाजून लाल झाली. "मी काय पोतं हाय व्हय रं?" पण पदर सावरून नवऱ्याशेजारी बसली.

कृष्णेच्या पुलाचा चढ लागला तशी गाडी मंदावली. रंगुबाईनं कडेचा दांडा घट्ट धरला.

"उतरू का मी?"

"बस गप. चढतीया."

चढली. वर वारं लागलं. खाली नदी पसरली होती. रंगुबाई हलकेच म्हणाली, "इतकी वर्षं फौजेची मानसं न्हेली तुमी. मला कवा न्हेलं न्हाई."

"आज न्हेतोय की," लालासाहेब म्हणाले आणि गरज नसताना गाडी खाली नदीच्या घाटापर्यंत नेली. मागं इमानीनं मीटर खाली ठेवून दिला होता.

परीक्षकांना काम पसंत पडलं. बॅटऱ्या मात्र प्रयोगशाळेच्या होत्या. त्या काढून परत द्याव्या लागल्या. रिकाम्या गाडीवर लालासाहेबांनी स्वतःच ताडपत्री घातली.

इमानी मायदेशी निघाला त्या दिवशी दोघं नवराबायको एसटी स्टँडवर आली. रंगुबाईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मुंबईची गाडी लागली.

"मामा, तुमी नसता तर माझं काम झालं नसतं."

"आरं, उलटं हाय त्ये," लालासाहेब म्हणाले.

इमानी खाली वाकला. इथल्या पोरांना त्यानं तसं करताना पाहिलं होतं. लालासाहेब मागं सरायला गेले, पण तोवर त्यानं आधी उजव्या पायाला आणि मग धोतराखालच्या लाकडाला, सारख्याच सावकाशपणे हात लावून तो कपाळाला टेकवला होता.

गाडी वळणाआड गेली. रंगुबाई म्हणाली, "चला की आता."

"थांब वाईच," लालासाहेब म्हणाले. ते दोन्ही पायांवर भार देऊन तसेच उभे होते.