उंचावर जपून ठेवलेला डोंगा

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. डोंगा म्हणजे एकाच खोडातून कोरलेली नाव. मी मात्र खेळण्यातला, जेमतेम वीतभर.

सडक अर्जुनीजवळच्या तलावात मासे धरणाऱ्या खुशालने आपला मोठा डोंगा कोरला. त्याच्या उरलेल्या लाकडातून त्याने लेकीसाठी, डिंपलसाठी, मला घडवले. घाटावर इतर पोरांच्या प्लास्टिकच्या नावा वाऱ्याने गोल गोल फिरत, मी आपला नाकासमोर चाले. डिंपल टाळ्या पिटायची आणि माझी छाती फुगायची.

मग खुशाल तापाने गेला. त्याची बायको रविता हिने मला टिनाच्या छपराखाली, त्याच्या फोटोशेजारी ठेवले. फोटोबरोबर मलाही हार! मला तो मुळीच नको होता.

"आई, एक डाव पान्यात सोडू दे ना व," डिंपल विनवायची.

"नोको. तुया बाबाची येवढीच निशानी रायली. सडून गेली मंजे?"

उन्हाळा आला. उन्हाने लाकूड तडकू नये म्हणून आमच्याकडे डोंगा दगड भरून तलावात बुडवून ठेवतात. रविताने दिराला सोबत घेऊन मोठा डोंगा तसाच बुडवला. घरी येऊन मला पदराने पुसले आणि पुन्हा तापल्या टिनाखाली ठेवले. अगं बाई, मीही त्याच खोडाचा आहे! पण ओरडणार कसा? दोन उन्हाळे मी तसाच भाजत राहिलो.

यंदा खुशालच्या श्राद्धाला रविताचे मन विरघळले. मायलेकी मला घेऊन घाटावर आल्या. डिंपलने मला हळूच पाण्यात सोडले. बुडाला पडलेली भेग कुणाला दिसली नव्हती. क्षणात पाणी आत शिरले आणि मी तळाला गेलो.

डिंपलने मला बाहेर काढले. रविताने भेगेवरून बोट फिरवले.

"मोठ्याले बुडवला मी," ती रडत म्हणाली, "अन् याले वाळवत रायली."

"आता दुसरा कोन करून देईन?" डिंपलने विचारले.

रविताने मला पदरात घेतले. खुशालसारखे कोरणारे गावात कुणी उरलेले नाही.

मित्रांनो, मायेपोटी कुणाला असे उंचावर ठेवू नका. आमच्याशी खेळा, आम्हाला भिजू द्या, झिजू द्या. माझे म्हणाल, तर माझी भेग आता भरणारी नाही. मी पुन्हा छपराखाली आहे आणि डिंपल आता मला मागत नाही.