रकान्यातलं पाळणाघर

कॉलेजात त्यांना सगळे पुरावाबाई म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. शिकवायच्या त्या वनस्पतिशास्त्र, पण मूल्यांकनाचं सगळं लचांड गेली सहा वर्षं त्यांच्याच गळ्यात होतं. बाहेरून समिती येणार, कॉलेज तपासणार, श्रेणी देणार. त्याआधी कॉलेजने स्वतःबद्दल जाडजूड अहवाल लिहून पाठवायचा. कुणी येऊन सांगावं, बाई, आम्ही पन्नास झाडं लावली, की बाईंचा प्रश्न ठरलेला: पुरावा कुठाय? फोटो नाही तर झाडही नाही. लोक तोंडं वाकडी करायचे, पण निमूटपणे फोटो आणून द्यायचे.

आता अशा बाईंच्याच हातून घोळ व्हावा म्हणजे काय म्हणावं! अहवालात सोयींचा एक तक्ता होता. अडतीस ओळी, प्रत्येकीसमोर हो किंवा नाही. वाचनालय आहे? हो. प्रथमोपचार पेटी? हो. बाईंचा हात असा काही सुटला की एकतिसाव्या ओळीलाही त्यांनी हो ठोकून दिलं आणि अहवाल रवाना झाला. चार महिन्यांनी समितीचं वेळापत्रक आलं. त्यात लिहिलं होतं: दुसरा दिवस, दुपारी साडेतीन, पाळणाघराची पाहणी.

बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. पाळणाघर राहू द्या, कॉलेजात साधा पाळणाही नव्हता.

खरी बोच तर आणखी वेगळी होती. बाईंच्या टेबलाच्या खणात एक अर्ज पडून होता. दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती, आठ महिन्यांच्या बाळाची आई. नवरा फिरतीवर, सासू स्वतःच नोकरीला, मग बाळाला ठेवणार कुठे? प्रात्यक्षिकाला ती बाळ कडेवर घेऊन यायची आणि दारातूनच मान उंचावून बघायची, कारण आत बर्नर आणि काचा. पाळणाघराची मागणी तिने दोनदा लिहून दिली. बाईंनी दोन्ही वेळा ती प्राचार्यांपुढे नेली, आणि प्राचार्य दोन्ही वेळा म्हणाले, बघू. शेवटी वैतागून तिने कॉलेज सोडत असल्याचा अर्ज दिला. इतकी हुशार पोरगी! बाईंनी अर्ज पुढे पाठवलाच नाही. खणात सरकवला आणि वर स्टेपलर ठेवला.

प्राचार्य माणूस वाईट नव्हते, फक्त बघू हा शब्द त्यांच्या जिभेवर कायमचा मुक्कामाला होता. वेळापत्रक वाचल्यावर मात्र ते काहीही न बघता कामाला लागले. नकाशांची खोली रिकामी करा, कुठून तरी दोन पाळणे मागून आणा, भिंतीवर ससे काढा. समिती गेली की नकाशे परत जागेवर. नंतरही चालू ठेवलं तर, असं बाईंनी हळूच विचारून पाहिलं. प्राचार्य म्हणाले, बघू.

बाईंनी त्या मुलीला बोलावून घेतलं, घडलेलं सगळं सांगितलं आणि उद्यापासून बाळाला आण म्हणाल्या. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि समिती गेल्यावर, बाई?"

बाईंना लाज वाटली, आणि चांगलीच वाटली. पण शेवटी त्या हाडाच्या पुरावाबाई. त्यांनी कोरी वही घेतली, रकाने आखले: तारीख, बाळाचं नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. कारकून म्हणाला, मागच्या तारखा घाला की, वर्षभराची वही मी बसल्या जागी भरून देतो, चार वेगवेगळ्या पेनांनी. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुपचूप चहाला निघून गेला. पहिल्या ओळीत त्यांनी त्या दिवशीची खरी तारीख घातली.

पोरांना सांभाळायला प्रयोगशाळेतल्या मावशी आपणहून आल्या. तीस वर्षं काचेची भांडी न फोडता धुतलेली बाई, तिच्या हाती पोर द्यायला कुणाची ना असणार? तिसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी आपली नात आणून सोडली. पाचव्या दिवशी पहिल्या वर्षाची एक मुलगी चक्क जुळी घेऊन उभी राहिली. आजवर बिचारी कुणाला काही बोललीच नव्हती. नवव्या दिवशी साडेतीन वाजता समिती आली तेव्हा खोलीत चार पोरं होती, भिंतीवरच्या एका सशाचा कान खरवडून निघाला होता, आणि जुळ्यांना आवरता आवरता मावशींनी ते आठ महिन्यांचं बाळ सरळ प्राचार्यांच्या हातात दिलं होतं.

समितीच्या अध्यक्षबाई वही घेऊन बसल्या. पहिलं पान त्यांनी दोनदा वाचलं.

"ही वही तर नऊच दिवसांची आहे. अहवाल चार महिन्यांपूर्वीचा."

प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बाळाने तेवढ्यात त्यांचा चष्मा ओढला.

"चूक माझी," पुरावाबाई म्हणाल्या. "तेव्हा पाळणाघर नव्हतं, मी न वाचताच हो लिहिलं. त्या ओळीचे गुण कापा. पण जाताना तुमच्या शिफारशींत एक ओळ लिहा. पाळणाघर चालू राहील, आणि दर वर्षी ही वही समितीकडे येईल. आमच्याकडे कागदावर लिहिलेलं असेल तेवढंच घडतं."

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य सवयीने म्हणाले, "बघू."

"काय बघणार?"

प्राचार्यांनी बाळाकडे पाहिलं. बाळ त्यांचा चष्मा तोंडात घालून खुशाल बसलं होतं.

"चालू राहील," ते म्हणाले. "लिहा."

महिन्याभराने निकाल आला. त्या ओळीचे गुण कापलेले होते, श्रेणी होती तीच राहिली, आणि शिफारशींत सातव्या क्रमांकावर पाळणाघर होतं. नकाशे जिन्याखालच्या कपाटात गेले ते कायमचे. बाईंना इतकं बरं वाटलं की त्या दिवशी त्यांनी कुणाकडेच फोटो मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रात्यक्षिकाच्या आधी ती मुलगी टेबलाशी येऊन घुटमळली. अंगावर एप्रन होता, कडेवर बाळ नव्हतं.

"बाई, माझा तो अर्ज परत मिळेल का?"

"कसला अर्ज?"

"कॉलेज सोडण्याचा. मीच दिला होता की तुमच्या हातात."

खणातला तो कागद बाईंनी निकाल आला त्याच संध्याकाळी बारीक बारीक फाडून टाकला होता. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"पुरावा आहे?"

मुलीला हसू फुटलं. ती हसतच प्रयोगशाळेत गेली आणि पहिल्या बाकावरचा सूक्ष्मदर्शक तिने दोन्ही हातांनी जवळ ओढला.