मा. अध्यक्ष आणि मागचं झाकण

तो धुलाई यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचा अनुवाद करायचा. तीच ती वाक्यं बडवून बोटं दुखायला लागली, तेव्हा तो ज्यात लिहायचा त्या एडिटरमध्ये त्याने स्वतःचे शॉर्टकट बसवायला घेतले. 'मा' लिहून टिंब दिलं की 'मागचं झाकण काढा' उमटायचं. 'सौ' आणि टिंब दिलं, की 'सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून घ्या'. वेळ वाचवायच्या या उद्योगात अख्खा उन्हाळा गेला. पुस्तिका होती तिथेच होती.

"काम कधी करणार?" बायकोने विचारलं.

"हे एकदा बसलं ना, की काम चुटकीसरशी."

एका दुपारी तो बाहेर गेला असताना सासरे आले. मित्राच्या निरोप समारंभात त्यांना बोलायचं होतं. लेकीने नवऱ्याचा संगणक उघडून दिला. सासऱ्यांचा हात टाइपरायटरवर बसलेला. संगणकाची बटणं मात्र अनोळखी, म्हणून नजर त्यांच्यावरून हलून पडद्याकडे गेलीच नाही. भाषण छापलं, न वाचताच घडी घातली, खिशात टाकलं.

समारंभाला जावई पहिल्या रांगेत होता. सासऱ्यांची भाषणं लांबलचक, म्हणून लोक आधीच पेंगायच्या तयारीत होते.

"मागचं झाकण काढा अध्यक्ष," सासऱ्यांनी खड्या आवाजात सुरुवात केली.

जावयाला आपला 'मा' आणि टिंब लगेच ओळखू आलं. सासरे क्षणभर अडखळले. पण कागदावर आहे ते वाचायचं, हा त्यांचा बाणा. "आणि सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून घ्या वहिनी," त्यांनी नेटाने वाचलं. मित्राच्या बायकोला, म्हणजे वहिनींनाच आधी हसू फुटलं. मग सभागृह जे हसायला लागलं ते शेवटपर्यंत. सासरे मात्र चेहरा पाडून खाली उतरले.

घरी येताच जावयाने सगळे शॉर्टकट पुसून टाकले आणि माफी मागायची वाक्यं जुळवत बसला. दुसऱ्या दिवशी सासरे हजर.

"बाबा, चूक माझी..."

"ते राहू दे." सासरे इकडेतिकडे बघत खुर्चीत टेकले. "सकाळपासून फोन येताहेत. म्हणतात, तुम्ही एवढे विनोदी आहात हे माहीतच नव्हतं. पुढच्या महिन्यात आणखी दोन ठिकाणी बोलावलंय. तुझ्या त्या यंत्राला सांग, तसंच काहीतरी घाल म्हणावं."

यंत्रात आता काही उरलेलं नाही, हे सांगायची जावयाची छाती झाली नाही. हल्ली तो रोज सकाळी सासऱ्यांसाठी विनोद लिहितो, एकेक अक्षर हाताने टाइप करून. पुस्तिकेचं काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं.