सोमवारची साफसफाई

डोळे मिटा बघू. अर्धे नाही, पूर्ण. आता एक इमारत समोर आणा. तिच्यात लाखो खोल्या, प्रत्येक दारावर आकडा. इमारतीला एक राखणदार आहे. दर सोमवारी त्याच्या हातात चिठ्ठ्या पडतात: अमुक खोल्या रिकाम्या झाल्या, तेवढ्या झाडून घे. राखणदार झाडू उचलतो आणि निघतो. दिसला? आता डोळे उघडा. ही इमारत तुमच्या बोटाएवढीच आहे आणि ती एका मावशीच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलेली होती. तिला एसएसडी डिस्क म्हणतात; कॉम्प्युटरमधलं सगळं तिच्याच खोल्यांत साठतं.

मावशी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. तिची दहा वर्षांची भाची सतत तिच्या मागे मागे असायची, म्हणून घरात तिचं नावच पडलं शेपटी. दर रविवारी दुपारी मावशी कॉम्प्युटर शेपटीच्या हवाली करून डुलकी काढायला जायची. आठवड्यातले हे दोन तास शेपटीला उरलेल्या सहा दिवसांहून मोठे वाटत.

त्या महिन्यात मावशी किड्यांचं पुस्तक करत होती. बत्तीस चित्रं. एका सोमवारी सकाळी तिने नाकतोडा उघडला, तर त्याचे मागचे पाय गायब. तिथे नुसती करडी पट्टी. पुढच्या सोमवारी चतुर अर्धाच उरला आणि मधमाशी तर उघडेचना.

"शेपटे, काल काही दाबलंस का गं?" मावशीने फोनवर विचारलं.

"नाही मावशी. तुझ्या चित्रांना मी हातसुद्धा लावत नाही."

"बरं," मावशी म्हणाली. पण रविवारी शेपटी आली तेव्हा कॉम्प्युटरवर कापड घातलेलं होतं. "आज राहू दे. आपण पत्ते खेळू."

मावशी रागावली असती तर बरं झालं असतं. राग तासाभरात उतरतो. ते 'राहू दे' मात्र शेपटीच्या डोक्यातून जाईना. तीन डाव खेळली आणि तिन्ही हरली.

आणि पुढे ऐका. त्या सोमवारी एकही चित्र बिघडलं नाही.

आता तुम्हीच सांगा, कोणाला काय वाटेल? शेपटी बसली की चित्र बिघडतं, नाही बसली की शाबूत राहतं. मावशीने हे बोलून दाखवलं नाही, शेपटीच्या आईने दाखवलं. "मुद्दाम केलं नसशील गं. पण वेंधळी आहेस ना."

शेपटीलाही वाटू लागलं, आपल्याच हातून काहीतरी होत असणार. तरी तीच मावशीला म्हणाली, "स्क्रूकाकांना बोलाव. मी सगळं खरं सांगेन."

स्क्रूकाका म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. वरच्या खिशात कायम चार स्क्रूड्रायव्हर. मावशीच्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार बघणारी प्रणाली, त्यांनीच घातलं होतं आणि नवी डिस्कही गेल्याच महिन्यात त्यांनीच बसवली होती. ते शनिवारी आले, पण कॉम्प्युटरकडे बघितलंच नाही. आधी शेपटीला समोर बसवलं.

"रविवारी काय काय करतेस? बारीकसारीक सांग. शिंकलीस तरी सांग."

"खुर्ची वर करते. चित्रं काढते. मग पुसते."

"काय पुसतेस, काच?"

"माझी चित्रं. कॉम्प्युटरमधली कचराकुंडीसुद्धा रिकामी करते. मावशीच्या जागेत माझा पसारा नको."

मावशी दारात उभी होती. "हे तुला कोणी सांगितलं?"

"तूच म्हणतेस ना, आपलं ताट आपण उचलावं."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, मग सोमवारी झाडायच्या खोल्या तूच देत होतीस."

मग त्यांनी शेपटीला राखणदाराची गोष्ट सांगितली. डिस्कच्या पोटात कारखान्यातूनच सूचना भरून येतात, त्यांना फर्मवेअर म्हणतात. तोच राखणदार. पुसलेल्या चित्रांच्या खोल्या रिकाम्या झाल्या की सोमवारी लिनक्स त्याला चिठ्ठ्या देतं.

"या पठ्ठ्याने लिनक्सला सांगून ठेवलंय, द्या ढीगभर चिठ्ठ्या एकदम, मी सांभाळतो," काका म्हणाले. "लिनक्सने विश्वास ठेवला. आणि हा आकड्यांचा घोळ घालतो. रिकामी खोली राहते बाजूला आणि भरलेली झाडून मोकळा होतो."

"म्हणजे माझी चूक नाही?"

"असा माझा अंदाज आहे. नुसत्या अंदाजावर कोणाला पकडू नये आणि सोडूही नये. करून बघू."

त्यांनी सगळ्या चित्रांच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर काढल्या. मावशीने आजवर प्रती ठेवल्याच नव्हत्या. त्याबद्दल तिने काकांची वेगळी बोलणी खाल्ली.

"बस आता," काका शेपटीला म्हणाले. "काढ आणि पूस."

शेपटी उठेना. मावशीनेच खुर्ची वर केली आणि तिच्यापुढे सरकवली. शेपटीने पाच चित्रं काढली, पाचही पुसली. काकांनी सोमवारची वाट न बघता साफसफाई सुरू केली आणि मग एकेक चित्र प्रतीशी ताडून पाहिलं. मुंगीचं डोकं करडं झालं होतं.

त्यांनी मुंगीची चांगली प्रत परत आणली. मग लिनक्सला सांगून ठेवलं: या डिस्कला एका वेळी एकच चिठ्ठी, ते झाडून झालं की पुढची. कारखान्याकडून सुधारलेल्या सूचना येईपर्यंत असंच. शेपटीने पुन्हा पाच काढली, पाच पुसली. पुन्हा साफसफाई झाली. या वेळी मुंगीची मिशीसुद्धा हलली नव्हती.

नाकतोडा, चतुर आणि मधमाशी मात्र गेली ती गेलीच. मावशीला ती नव्याने काढावी लागली.

"मी तुझ्यावर संशय घेतला," काका गेल्यावर मावशी म्हणाली. "चुकलं माझं."

"मीपण घेतला होता," शेपटी म्हणाली. "माझ्यावर."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मावशी कॉम्प्युटरवरचं कापड काढून डुलकीला गेली. शेपटीने खुर्ची वर केली आणि एक राखणदार काढला, झाडू घेऊन भलत्याच दारासमोर उभा. झाल्यावर सवयीने तिचं बोट पुसायच्या बटणाकडे गेलं आणि तिथेच थांबलं. तिने चित्राला 'शेपटीचं' असं नाव दिलं, मावशीच्या किड्यांशेजारी ठेवलं, आणि खुर्ची पुन्हा मावशीच्या उंचीवर आणली.