वाऱ्याच्या उलट काठावर

अनोळखी तळ्यातला बार्श सुलेखा आगाशेला नेमका सापडतो, हे संस्थेत एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं. बार्श म्हणजे बास माशाचा जर्मनीतला भाऊबंद. हिरवट अंग, त्यावर काळे पट्टे, पाठीवर काटेरी पंखा. सुलेखाने मात्र जन्मात मासा खाल्ला नव्हता. पुण्याहून पदार्थविज्ञान शिकून ती कार्ल्सरूहेच्या या संशोधन संस्थेत आली होती पाण्याच्या तापमानावर काम करायला, आणि तापमानाचा माग काढता काढता माशांपर्यंत पोचली होती.

रीत साधी होती. होडीतून थर्मामीटर दोरीने खाली सोडत जायचं आणि कोमट पाणी संपून गार पाणी कुठे लागतं ते बघायचं. मग वारा बघायचा. वारा वरचं पाणी एका काठाकडे ढकलतो, त्याबरोबर बारीक जीव जातात, त्यांच्यामागे माशांची पिल्लं आणि पिल्लांमागे बार्श. त्या काठाला लव्हाळं संपून तळ जिथे एकदम खोल जातो, तिथे गळ टाकायचा.

गळाला लागलेल्या माशाच्या डोक्यावर ताबडतोब लाकडी दांडका मारायचा, त्याला तडफडत ठेवायचं नाही, हा संस्थेचा नियम होता. पोटात काय आहे आणि वय किती हे मेलेल्या माशातच बघता येई. पण दांडका आजवर लोरेन्झ नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याच्या हातात असे. तेवढा वेळ सुलेखा पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसे. शोधणं आपलं आणि मारणं दुसऱ्याचं, अशी तिने मनातल्या मनात वाटणी करून टाकली होती.

बासष्टच्या जुलैत लोरेन्झ आजारी पडला. दक्षिणेकडच्या दोन छोट्या तळ्यांवर प्राध्यापकांनी सुलेखाबरोबर वीणाला पाठवलं. वीणा लिमये नाशिकची. वसंतात आली होती आणि सुलेखाकडून काम शिकत होती. ज्या तळ्यात बार्श नसेल तिथे गावचे मच्छीमार पुढच्या वर्षी दुसऱ्या माशांची पिल्लं सोडणार होते. बार्श असला तर ती पिल्लं त्याच्याच पोटात जायची. म्हणून आधी नक्की कळायला हवं होतं.

पहिल्या तळ्यावर सकाळीच बार्श सापडला. वीणाने तो ओढून होडीत घेतला. तो फळीवर आपटू लागला आणि सुलेखाने दांडका उचलून वीणापुढे धरला.

"तूच कर. माझे हात कोरडे हवेत, बाटल्या आहेत."

बाटल्या केव्हाच भरून झाल्या होत्या. वीणाने दांडक्याकडे पाहिलं, मग सुलेखाकडे.

"नाशिकच्या आत्याला कळलं ना ताई, तर ती मला थंडीत रामकुंडात उभी करेल," ती म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला.

सुलेखाने पाठ फिरवून दोरी गुंडाळायला घेतली. मागे एक ठोका झाला, मग फडफड, मग घाईघाईने आणखी दोन. त्यानंतरही मासे लागले. तेही वीणानेच मारले, आणि सुलेखाने दरवेळी काही ना काही काम काढलं. काठाला लागल्यावर वीणा बराच वेळ हात धूत बसली. तक्रारीचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. तो निघाला असता तर बरं, असं सुलेखाला वाटत राहिलं.

दुपारी दुसरं तळं. तिथल्या खानावळवाल्याने होडी दिली आणि इथे बार्श आहेत की नाहीत यावर गावात दोन तट असल्याचं सांगितलं. वारा पश्चिमेकडून वाहत होता. पूर्वेच्या काठाला लव्हाळ्याची रांग होती आणि तिच्यापुढे पाणी काळं दिसत होतं. कुठे जायचं हे सुलेखाला होडीत बसायच्या आधीच कळलं होतं.

तिने होडी पश्चिमेच्या काठाकडे वळवली.

वळवताना तिने स्वतःला कारणही दिलं नाही. तिला फक्त तो आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता आणि वीणापुढे पुन्हा दांडका धरायचा नव्हता. आपण स्वतः तो उचलावा, हे तिच्या मनात आलं आणि तिने ते बाजूला सारलं. उथळ, स्वच्छ पाण्यात दोघी गळ टाकून बसल्या. काहीच लागलं नाही. लागणारही नव्हतं.

"बार्श नाही, असं लिहायचं ना?" काठाला लागल्यावर वीणाने विचारलं.

"लिही."

वीणाने पेन्सिल काढली, पण लिहिलं नाही. तिने ओला चेहरा वाऱ्याकडे केला. "ताई, मला एक कळलं नाही. वारा तर पश्चिमेचाच आहे. मग आपण समोरच्या काठाला का नाही गेलो?"

"तिकडे लव्हाळं फार दाट आहे," सुलेखा म्हणाली. "दाट लव्हाळ्यात बार्श राहत नाही."

"हो का? हे मला माहीत नव्हतं," वीणा म्हणाली. मग तीच गोष्ट पाठ करायची असल्यासारखी हळूच पुटपुटली, "दाट लव्हाळ्यात नाही."

सुलेखाचे कान तापले. सकाळचं काम या मुलीने निमूट केलं होतं, आणि आता हे खोटंही ती शिकलेली गोष्ट म्हणून बरोबर नेणार होती. पुढच्या तळ्यावर, कदाचित पुढच्या विद्यार्थ्यालाही सांगणार होती. गावचे लोक पिल्लं सोडणार होते ते वेगळंच.

"लिहू नकोस," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं. बार्श तिकडेच असणार. मला ते मारणं नको होतं, म्हणून मी तुला इकडे आणलं. सकाळी माझे हातही रिकामेच होते."

पेन्सिल खिशात ठेवून वीणा पुन्हा होडीत बसली, तोंड पलीकडे करून. तळं ओलांडेपर्यंत सुलेखाला तिची फक्त पाठ दिसत होती.

लव्हाळ्याच्या कडेला गळ टाकला आणि लगेच दोरा ताणला गेला. मासा सुलेखानेच आत घेतला. काटे तळहातात रुतले. तिने दांडका उचलला, डोळे उघडे ठेवले आणि मारला. घाव कल्ल्यावर बसला. मासा उसळून तिच्या पायांवर पडला, तोंड उघडत, मिटत. तिचा हात वरच्या वर थांबला.

"तिथे नाही," वीणा म्हणाली. ती आता वळून बसली होती. "डोळ्यांच्या वर, जरा मागे. तिथे एकात होतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सकाळी दोन मासे तसेच तडफडले, मग कळलं."

सुलेखाने मासा डाव्या हाताने फळीवर दाबून धरला. तो लवकर संपावा म्हणून तिने वीणाने सांगितलं तिथे मारलं. पाठीवरचा काटेरी पंखा ताठ झाला आणि मग मासा हलला नाही.

सुलेखाचे हात रक्ताने भरले होते, पण वीणाने ते धुवायला पाणी ओतलं नाही. तिने गळाला नवीन आमिष लावलं आणि गळ सुलेखाच्या हातात दिला. दांडका तिने सुलेखाच्याच पायाशी राहू दिला.