सजवलेली गाडी

महामार्ग सुरू होण्याआधी एक दिवस तो लोकांसाठी मोकळा सोडायचं ठरलं होतं. या, चाला, सायकली फिरवा, मुलाबाळांना आणा, फोटो काढा. पत्रकावर एक हसरं कुटुंब छापलं होतं आणि त्याच्या पायाशी लिहिलं होतं, 'रस्ता तुमचाच आहे.' हे पत्रक दाराखालून आत आलं तेव्हा सोफेवाली एका जुन्या खुर्चीची बैठक उसवत होती. तिने ते वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमचाच म्हणे," ती नवऱ्याला म्हणाली. "होता तो रस्ता गिळला, आणि आता वर आमंत्रण पाठवतायत."

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला.

नवरा शाळेतली प्रयोगशाळा सांभाळायचा. काचेच्या नळ्या फुटू नयेत या धास्तीत त्याची अर्धी हयात गेली होती आणि माणसांशीही तो तसाच जपून वागायचा. 'जाऊ दे' हे त्याचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं. औषधाने आजवर काहीही बरं झालं नव्हतं, पण त्याने ते बदललं नव्हतं.

गिळलेला रस्ता म्हणजे एक साधी गल्ली. तिच्या एका टोकाला सोफेवालीचं दुकान आणि दुकानामागे घर, दुसऱ्या टोकाला एका जिन्यावर तिच्या आईची खोली. सोफेवाली रोज दुपारी हातातलं काम टाकून डबा घेऊन निघायची. डबा गरम असेपर्यंत आईकडे पोचायची, आई 'मीठ कमी आहे' म्हणायची, दोघी जरा बोलायच्या, आणि ती परत येऊन खिळे ठोकायला बसायची. यात सांगण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पण सहा पदरी महामार्ग त्या गल्लीच्या बरोबर मधून गेला, दोन्ही बाजूंना उंच भिंती आल्या, आणि मग त्यात सांगण्यासारखं खूप काही निघालं.

सुरुवातीला भुयारी मार्ग करू असं वचन होतं. सभेत महामार्ग कंपनीच्या साहेबांनी स्वतः पडद्यावर चित्र दाखवलं होतं, चित्रात दिवे लावलेलं भुयार होतं आणि त्यातून एक बाई पिशवी घेऊन चालली होती. पुढच्या सभेत बाईही नव्हती आणि भुयारही नव्हतं. सोफेवालीने उभं राहून विचारलं तेव्हा साहेब गोड हसून म्हणाले, "अभ्यासात असं दिसलं की इथून पायी पलीकडे जाणाऱ्यांची संख्या नगण्य आहे."

"त्या नगण्यात मी आहे," सोफेवाली म्हणाली. "रोज जाते."

"आपली सूचना आम्ही लक्षात घेऊ," साहेब म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले. तोंडाला पानं पुसायची ती किती सफाईने पुसावीत, याचं शिक्षण या लोकांना कुठे मिळतं देव जाणे.

बांधकाम चालू होतं तोवर ती चिखलातून, फळ्यांवरून, मजुरांचा हात धरून पलीकडे जात राहिली. मागच्या थंडीत आई न्हाणीघरात घसरून पडली. सकाळी पडली ती दुपारी लेक डबा घेऊन येईपर्यंत ओल्या फरशीवर तशीच पडून होती. शेजारचे कामावर गेलेले, हाक ऐकायला कोणी नाही. हाड मोडलं नाही, पण गुडघे कायमचे कामातून गेले. त्या दिवसापासून सोफेवालीला एकच घोर होता. आता दुपारी तिथे कोण पोचणार? महामार्ग सुरू झाला की पुलावरून बारा किलोमीटरचा वळसा, दोन बस, आणि वाट बघणं वेगळं. दुकान टाकून रोज कशी जाणार होती ती?

म्हणून आईला इकडे आणायचं ठरलं. ठरलं म्हणजे लेकीने ठरवलं. आईने महिनाभर दाद दिली नाही. शेवटी म्हणाली, "येते. पण टेम्पोत बसून गाव पालथं घालून येणार नाही. समोर राहते माझी लेक. जन्मभर ज्या वाटेने गेले तिच्याकडे, त्याच वाटेने येईन. नाहीतर येणारच नाही."

"अगं आई, रस्ता कुठाय आता चालायला?"

"ते त्यांना विचार."

आणि नेमकं तेव्हाच ते पत्रक दाराखालून आलं. एक दिवस महामार्गावर पायी जाता येणार होतं. दोन्ही बाजूंना लोकांसाठी उतार केले होते आणि मधल्या कठड्यातली एक फट संध्याकाळपर्यंत उघडी राहणार होती. त्यानंतर तिथे कायमचं जाळीचं दार लागणार होतं. सोफेवालीने चुरगळून टाकलेलं पत्रक उचललं, मांडीवर सपाट केलं आणि पुन्हा वाचलं.

"हातगाडीला तेल घाला," ती नवऱ्याला म्हणाली.

सोफे पोचवायची तिची हातगाडी रुंद होती, रबरी चाकांची, तीन माणसांचा सोफा आडवा बसेल अशी. त्या दिवशी सकाळी, गर्दी जमायच्या आधी, त्यांनी ती रिकामी पलीकडे नेऊन आईच्या जिन्याखाली लावली. आईची हातांची खुर्ची मधोमध बांधली आणि दोघांनी आईला उचलून तिच्यात बसवलं. मागे गुंडाळलेली गादी, बाजूला उभा दिवा, पायाशी शेगडी, भांड्यांची पाटी, भिंतीवरचं घड्याळ आणि कुंडीतली कोरफड. ऊन होतं म्हणून आईच्या हातात मोठी फुलाफुलांची छत्री उघडून दिली. आईने निघताना चांगली साडी नेसली होती. "घर सोडतेय," ती म्हणाली, "पळून जात नाहीये."

उताराच्या तोंडाशी नारिंगी जॅकेट घातलेली एक पोरगी उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं, तिचा चेहरा फुलला, आणि तिने एक आकडा लिहिलेला मोठा कागद गाडीच्या पुढच्या फळीवर चिकटवला. "मस्त," ती म्हणाली. "सरळ पुढे, बाकीच्यांच्या मागून."

"हे काय?" सोफेवालीने विचारलं.

"परवानगी असेल," नवरा म्हणाला. "चिकटवलंय तर जाऊ दे."

वर रस्त्यावर जत्रा लोटली होती. काळाभोर नवाकोरा रस्ता, त्यावर फुगे, सायकली, बँड, मोफत टोप्या. गाडी वर चढवताना दोघांचाही घामटा निघाला होता. दम खाऊन बघतात तो पुढे एक राजहंस. त्याच्या पुढे पुठ्ठ्याचं जहाज आणि त्याच्या पुढे चाकांवर ठेवलेलं भलंमोठं कलिंगड. रांगेच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधलेल्या, त्यांना टेकून माणसं. मधल्या कठड्यातली फट व्यासपीठाच्या पलीकडे होती आणि तिकडे जायला हीच एक वाट होती.

"आणि आता पाहा," ध्वनिक्षेपकावरून निवेदक गरजला, "सजवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेतली आपली पुढची गाडी! काय बोलकं दृश्य आहे! आपल्या लाडक्या आजी जुना संसार पाठीवर टाकून नव्या युगाकडे निघाल्या आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी शिट्टी मारली. मोबाइल उंचावले, आणि एक छायाचित्रकार धावत समोर येऊन गुडघ्यावर बसला. "आजी, छत्री जरा मागे घ्या. छान. अहो ताई, तुम्ही हसा की."

"टाळ्या कशाला वाजवतायत गं?" आईने विचारलं.

"त्यांना वाटतंय आपण सोंग काढलंय."

आईने छत्री मात्र खाली केली नाही. सोफेवालीने दांडा असा आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली. आपला संसार उठवून न्यायचा आणि बघ्यांनी त्याला वन्स मोअर द्यायचा, याला काय म्हणायचं? तिला वाटलं, शेगडी उचलावी आणि त्या भोंग्यावर फेकून मारावी. पण शेगडी आईची होती.

व्यासपीठापाशी गाड्या थांबवल्या. वर तेच साहेब, मोफत टोपीत. परीक्षक कोण होते ते कळलं नाही, पण निकाल तिथल्या तिथे लागला. राजहंस तिसरा, कलिंगड दुसरं, आणि पहिलं बक्षीस आईला. बक्षीस म्हणजे वर्षभराचा टोलमाफीचा पास, उशीएवढ्या पुठ्ठ्यावर छापलेला, सोनेरी काठाचा. साहेब खाली उतरले, पुठ्ठा पुढे केला, आणि निवेदकाने सोफेवालीच्या तोंडाशी माइक धरला.

"सांगा ताई, ही सुंदर कल्पना कशी सुचली?"

"तुमच्या साहेबांनी सुचवली," सोफेवाली म्हणाली. "ही माझी आई आहे. हे तिचं खरं सामान आहे. इथे खाली आमची गल्ली होती, ती तुम्ही बंद केलीत. भुयार देतो म्हणालात, तेही दिलं नाहीत. उद्यापासून मला हिच्यापर्यंत पोचता येणार नाही म्हणून मी हिला घर सोडायला लावलंय. आम्ही कसलीही स्पर्धा खेळत नाही आहोत."

मग निवेदक भारावल्यासारखा म्हणाला, "काय सहज अभिनय आहे!" आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. दोरीला टेकलेल्या गल्लीतल्या चारदोन माणसांनी त्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी मात्र आता तिला ओळखलं होतं. त्यांचा चेहरा उतरला आणि ते निवेदकाच्या कानाशी लागले. त्यांच्या हातातला पुठ्ठा आईने तेवढ्यात ओढून घेतला होता आणि डोळ्यांजवळ धरून ती तो वाचत होती.

"साहेब," तिने विचारलं, "हा पास दाखवला की मला चालत माझ्या घरी जाता येईल?"

"नाही आजी, चालणाऱ्यांना इथे बंदी आहे. तुमच्याच सुरक्षेसाठी."

"मग हिला डबा घेऊन येता येईल?"

"नाही, म्हणजे... तो गाड्यांसाठी आहे."

"आमच्याकडे ही एवढीच गाडी आहे," आई म्हणाली. "मग मला दिलंत काय?"

हे माइकमध्ये गेलं. लोक पोट धरून हसले. साहेबांनी हात हलवला आणि बँड सुरू झाला, इतक्या मोठ्याने की आईचे ओठ हलत होते आणि शेजारी उभ्या लेकीलाही काही ऐकू येत नव्हतं. मग आईने बोलणंच थांबवलं. आपल्या आईला कोणी गप्प केलेलं सोफेवालीने जन्मात पाहिलं नव्हतं. तेही आज पाहून झालं.

फटीतून पलीकडच्या बाजूला जाऊन ते उतरू लागले तेव्हा गाडी ओझ्याने घसरायला लागली. नवऱ्याने पळत पुढे होऊन सोनेरी काठाचा पुठ्ठा दुमडून चाकाखाली सारला. गाडी थांबली. पासचा तेवढाच उपयोग झाला. "जाऊ दे," असं त्या दिवशी तो त्यानंतर एकदाही म्हणाला नाही.

महामार्ग सुरू झाला. दुकानामागच्या खोलीत आईची खुर्ची खिडकीशी ठेवली होती, पण खिडकीतून दिसायची ती महामार्गाची भिंत, आणि वरून अखंड घरघर. आईने खुर्ची फिरवून घेतली आणि ती कपाटाकडे तोंड करून बसायला लागली. डबा आता गरमच्या गरम तिच्या पुढ्यात यायचा. मीठ कमी आहे असं ती म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती. पडली तर उचलायला माणूस जवळ आहे, अशी सोफेवाली स्वतःची समजूत घालायची, आणि त्या समजुतीने तिला रात्री झोप लागत नव्हती.

मग एका सकाळी माणसं शिडी घेऊन आली आणि त्यांनी खिडकीसमोरच्या भिंतीवर एक प्रचंड फ्लेक्स ठोकला. छत्री घेतलेली आई, मागे गादी, दिवा, कोरफड. वर मोठ्या अक्षरांत, 'महामार्ग जोडतो माणसांना', आणि खाली कंपनीचं नाव. सोफेवालीचा फोटोतून पत्ता कापलेला होता. दांड्यावर फक्त तिच्या पांढऱ्या पडलेल्या मुठी उरल्या होत्या.

हे म्हणजे निर्लज्जपणाची हद्द झाली. तिने साहेबांच्या कचेरीत फोन लावला, तेव्हा तिला सांगितलं की स्पर्धकांच्या फोटोंवर आयोजकांचा हक्क असतो. तिने फोन ठेवला, कापड कापायचा सुरा घेतला, दुकानाची शिडी उचलली आणि ती भिंतीला लावली. नवरा मागोमाग आला. तिला वाटलं आता तो अडवणार. त्याने शिडी धरली.

ती वर चढली आणि फ्लेक्सच्या कडेत सुरा घातला.

"थांब," आईचा आवाज आला.

आईने स्वतःच्या हातांनी रेटत खुर्ची खिडकीकडे वळवली होती. तिने गज धरले होते आणि ती वर बघत होती.

"आई, तू मध्ये पडू नकोस. मी ठेवणार नाही हे इथे."

"काप की. मी कुठे नको म्हणतेय? अक्षरं काप, त्यांचं नाव काप. मला कापलंस तरी चालेल. फक्त माझ्या मागे बघ, छत्रीच्या वर. ते आपलं घर आलंय."

सोफेवालीने मान वळवली. इतक्या जवळून तिला आधी नुसते रंगाचे ठिपके दिसले. मग ते जुळले. खोलीबाहेरच्या दोरीवर आईचा टॉवेल वाळत होता. घाईघाईत तो तिथेच राहिला होता. तिचे डोळे भरून आले, आणि डोळे भरलेले असताना धारदार हत्यार चालवू नये हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने बाहीने ते आधी पुसले.

मग ती कापू लागली. 'महामार्ग' खाली पडला, 'जोडतो' पडला, 'माणसांना' वाऱ्याने जरा लोंबकळून पडला. खाली नवरा एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने तुकडे गोळा करत होता.

"डावीकडून सांभाळून," आई खिडकीतून म्हणाली. "तिथे जिना आहे आपला."