हळदीच्या अंगणातली जाळी

नांदेडहून सुकन्या आली तेव्हा तिची आई इंदू रुखवताच्या कुरडया डब्यात रचत होती. कपाळाला ओला फडका बांधलेला.

"परत दुखतंय?"

"न्हायलं की दुखतंच. जरा गरगरतंय बी. वय झालं की, बाई."

सुकन्यानं न्हाणीत डोकावून पाहिलं. अंधारी, अरुंद न्हाणी. भिंतीवर गॅसचा गीझर. त्याचा धूर बाहेर न्यायला पाइप नव्हता. वर छताशी वीतभर जाळी, एवढीच काय ती वाट.

"हे वयाचं नाही, आई, गीझरचं आहे. त्यातून विषारी वायू निघतो. वाससुद्धा येत नाही त्याला. पाइप बसेपर्यंत दार उघडं ठेवून आंघोळ कर."

"आता म्हातारपणी दार उघडं टाकून न्हाऊ? मग पाव्हण्यांनाच बोलव की बघायला!" इंदू इतकी हसली, की हातातली कुरडई मोडली.

खोल्या इंदूच्या धाकट्या भावाच्या, हणमंताच्या; त्याच्या घराच्या मागच्या अंगणाला लागून. इंदूचा नवरा वारल्यावर तो म्हणाला होता, माझ्या लातूरच्या घरी ये. इंदू आली, पण अट घालून: "भाड्यानं राहीन. मिंधी होऊन न्हाई." दर महिन्याला भाडं घेताना तो घरमालक असे. पाइपचा विषय निघाला, की लगेच भाऊ होई. मग भावाला कोण तगादा लावणार?

सुकन्या त्या दिवशी मामांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांच्या घरी लेकीच्या, ऋतुजाच्या, लग्नाची गडबड होती.

"मामा, पाइप बसवा. तुम्हाला जमत नसेल तर मी माणूस आणते."

"आगं, माझं घर अन् तू माणूस आणणार? भाच्ची सांगते अन् मी करणार न्हाई व्हय?"

पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "बसला बघ पाइप. आता निवांत ऱ्हा."

सुकन्यानं आईला फोनवर विचारलं. आई क्षणभर थांबली. "मामानं सांगितलं ना? मग झालं की. तू हळदीला लौकर ये."

हळदीच्या दिवशी सुकन्या बसमधून उतरून थेट मामांच्या मागच्या अंगणात गेली. मांडवात ऋतुजाला पाटावर बसवलं होतं. बायका गाणी म्हणत होत्या, एकमेकींच्या गालाला हळद फासत होत्या. आई तिथं नव्हती. ती नसणार हे सुकन्याला माहीत होतं. ऋतुजाची हळद आईनंच जात्यावर दळली होती. ती लावायला मात्र सवाष्णच लागत होती.

"आक्का न्हायला गेल्यात," मामी म्हणाली. "आम्हीच म्हणलं, हळद व्हईपर्यंत आतच ऱ्हावा. उगं कुणी काही बोलाया नको."

न्हाणीची भिंत याच अंगणात होती. जाळीच्या जागी झेंडूच्या माळांचा दाट पडदा सोडला होता. पाइप कुठंच बाहेर आलेला दिसेना. सुकन्या आत धावली. न्हाणीत पाणी वाहत होतं. तिनं हाक मारली, दार बडवलं. पाणी वाहतच राहिलं.

दोघातिघांनी कडी तोडली. इंदू भिंतीला टेकून बसली होती, मान खाली. गीझर अजून जळत होता. पाइप नव्हता. वर जाळीवर प्लायवूडचा तुकडा ठोकलेला होता.

दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नाही.

हणमंतमामा भिंतीला डोकं टेकून रडले. ते रडणं खरं होतं. मग त्यांनी डोळे पुसले आणि सुकन्याला बाजूला घेतलं.

"झटका आला म्हणू. डॉक्टर वळखीचे हायत. आक्काची चिरफाड कामून करायची? उद्या अक्षता हायत, सुकन्या. पाव्हणे निघालेत. दोन दिस कुणाला काही बोलू नको."

"पाइप बसला म्हणाला होतात."

"आणला होता गं. आईशपथ आणला होता. पर त्याचं तोंड मांडवात निघाया लागलं. तुझी मामी म्हणली, विधवेच्या न्हाणीची वाफ हळदीवर नको. चार दिसाचा तर प्रश्न होता."

"म्हणून होती ती जाळीही ठोकली?"

"आक्काला इचारून ठोकली. तीच म्हणली, ठोक बाबा, पोरीचं चांगलं होऊ दे."

सुकन्याला फोनवर थांबलेली आई आठवली. जाळी बंद झाल्याचं आईला ठाऊक होतं. का झाली, तेही ठाऊक होतं. तिनं त्याचा अर्थ फक्त अपमान एवढाच घेतला होता. आणि अपमान तिच्या सवयीचा होता.

दवाखान्यातल्या पोलीस चौकीत हवालदारांनी कागद पुढे ओढला. "बाथरूमची जाळी कशासाठी बंद केली होती? धूळ येते म्हणून?"

"व्हय साहेब," मामा घाईनं म्हणाले, "धूळ लई—"

"धूळ नाही," सुकन्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "माझी आई विधवा होती. तिची वाफही हळदीवर जाऊ नये म्हणून जाळी ठोकली. पाइप बसवल्याचं मला खोटं सांगितलं. पोस्टमॉर्टेम करा. कारण लिहा, आणि जाळी का बंद केली तेही लिहा."

"सुकन्या, मी तुझा सख्खा मामा हाय!"

"तुम्ही तिचे सख्खे भाऊ होता, मामा."

दारात कुणीतरी उभं होतं. ऋतुजा. हळदीच्याच साडीत, अनवाणी, कोपरापर्यंत पिवळी. बोटांत लाकडाची कुसळं रुतलेली, नखाशी रक्त. जाळीवरचा तो प्लायवूड तिनं हातांनी उपटला होता.

"तू हितं कामून आलीस?" मामा ओरडले. "हळदीच्या अंगानं उंबरा वलांडलास?"

तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. "साहेब, ताई सांगते तसंच लिहा. हळद माझीच होती."

मामा बाकावर बसले. हवालदारांनी पेन उचललं. "मयताचं नाव?"

सुकन्यानं ऋतुजाचा तो हळदीचा हात हातात घेतला आणि आईचं पूर्ण नाव सांगितलं.